उभ्या गाडीचा डोळा



गेल्या काही महिन्यांत आपल्या धर्मग्रामातील गाडीवाल्या मंडळींकडून एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी माझ्यापर्यंत आला. गाडीच्या पुढच्या काचेला लावायचा छोटा कॅमेरा, ज्याला डॅशकॅम म्हणतात, तो गाडी उभी असतानाही रात्रभर चालू ठेवता येतो का? आणि ठेवला तर त्यात काही वावगे आहे का? पहिला प्रश्न ऑटो इलेक्ट्रिशियनचा आणि दुसरा धर्मगुरूचा, असे कोणी म्हणेल. मला मात्र हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. म्हणून आज थोडे वायरिंगविषयीही लिहितो. चालवून घ्यावे.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. हा हौसेचा प्रश्न नाही. आपल्याकडे द्राक्षे, टोमॅटो, कांदा पिंपळगावला किंवा नाशिकला पोचवणारी पिकअप म्हणजे एका घराची रोजीरोटी असते. तिचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला कापला जातो. शेड बांधायला जागा नाही, म्हणून ती गल्लीत, रस्त्याच्या कडेला उभी असते. सकाळी उठून पाहावे तर आरसा तुटलेला, टाकीतले डिझेल काढलेले, नाहीतर बॅटरीच गायब. कोणी केले हे कळण्याचा मार्ग नाही. अशा माणसाने डोळा ठेवायचा म्हटले तर त्याला संशयी म्हणणे मला जमणार नाही. सातवी आज्ञा चोरी करू नको असे सांगते. म्हणजेच ज्याचे आहे त्याने ते सांभाळावे, हेही तिने गृहीत धरले आहे.

आता वायरिंग. पुष्कळ गाड्यांत चावी काढली की चार्जरच्या सॉकेटचा पुरवठा बंद होतो आणि त्याबरोबर कॅमेराही. उभ्या गाडीत तो चालू ठेवायचा तर फ्यूज बॉक्समधून वेगळी जोडणी घ्यावी लागते. तीन वायरी असतात. एक कायम वीज असलेल्या फ्यूजला, एक चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला, आणि तिसरी बॉडीला अर्थ. दुसऱ्या वायरीतली वीज गेली की गाडी उभी राहिली हे कॅमेऱ्याला कळते आणि तो पार्किंग मोडमध्ये जातो. असा कॅमेरा साधारण पाव ते अर्धा अँपिअर खातो. रात्रीच्या दहा तासांत तीन अँपिअर-तास गेले तर बॅटरीला त्याचे काही वाटत नाही. पण गावाला गेलात आणि लहान मोटार तीन दिवस दारात उभी राहिली, तर वीस-एकवीस अँपिअर-तास जातात, आणि तिची बॅटरीच मुळात पस्तीसची असते. चौथ्या दिवशी सेल्फ लागत नाही. त्यात आपल्याकडचा डिसेंबर-जानेवारी. निफाडचा पारा खाली गेल्याची बातमी येते त्या पहाटे चांगली बॅटरीही कुरकुरते.

म्हणून जोडणीबरोबर व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की पुरवठा तोडणारे यंत्र असते. ते नसेल तर जोडणी घेऊच नये. शांत उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण १२.६ असते, १२.२ ला ती निम्म्यावर आलेली असते. तोड १२.२ च्या खाली ठेवू नये आणि बॅटरी जुनी असेल तर १२.४ ला ठेवावी. पॉवर बँक लावून मे महिन्यात बंद गाडीत ठेवण्याचा उद्योग कोणी करू नये. उन्हात ती फुगते आणि पेटूही शकते.

या जोडणीत आणखी एक निवड असते आणि माझा सगळा मुद्दा तिच्याभोवती आहे. कॅमेरा सतत चित्रण करू शकतो. समोर काही हलले तरच करू शकतो. किंवा झोपून राहून गाडीला धक्का बसला तरच जागा होऊ शकतो. तिसऱ्या प्रकारात वीज सर्वांत कमी लागते. त्यात तोटाही आहे, तो लपवत नाही. झोपलेला कॅमेरा जागा होईपर्यंत काही क्षण जातात आणि धक्का देणारा तेवढ्यात निसटू शकतो. मग सततचे चित्रण घ्यावे की धक्क्यापुरते? दुकानदार विचारतो तेव्हा आपण पैसे आणि बॅटरी पाहून उत्तर देतो. गल्लीतले इतर लोकही त्या उत्तरात गुंतलेले आहेत, हे मनात येत नाही.

चालत्या गाडीतल्या कॅमेऱ्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. तो मी पाहतो तेच पाहतो, मी असतो तेवढाच वेळ पाहतो, आणि मी तिथे आहे हे समोरच्याला दिसत असते. रशियात विम्याच्या फसवणुकीला कंटाळून लोकांनी असे कॅमेरे लावले होते, म्हणून १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली तेव्हा तिचे चित्रण शेकडो गाड्यांत आपोआप सापडले. उभ्या गाडीचे तसे नाही. मी घरात झोपलेलो असतो आणि माझा डोळा मात्र शेजाऱ्याच्या दाराकडे तोंड करून बाहेर राहिलेला असतो. त्या दारातून कोण किती वाजता आले, कोणाचा मुलगा झोकांड्या खात परतला, कोणती सून रडत ओट्यावर बसली, हे सगळे माझ्या कार्डावर उतरते. यातले मला काहीच नको होते. मला फक्त माझा आरसा हवा होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांचे संशयाविषयीचे विवेचन वाचले होते. त्या वयात ते फारसे महत्त्वाचे वाटले नव्हते. तेराव्या शतकातील हा माणूस प्रश्न विचारतो, की एखाद्याच्या वागण्याचा चांगला अर्थही निघतो आणि वाईटही, तर आपण कोणता घ्यावा? त्यांचे उत्तर, चांगला. कोणी म्हणेल, मग माणूस फसेल. ते म्हणतात, फसू दे. वाईट माणसाला चांगले समजून अनेकदा चुकणे परवडले, चांगल्या माणसाला वाईट समजून क्वचित चुकणे परवडत नाही. कारण दुसऱ्या चुकीत ज्याने काही केले नाही त्याच्यावर अन्याय होतो.

पण अक्विनास भोळे नव्हते. त्याच ठिकाणी त्यांनी एक भेद केला आहे. माणसाविषयी मत बनवणे ही एक गोष्ट आणि संकटावर उपाय योजणे ही वेगळी. उपाय योजताना वाईटात वाईट काय होईल ते धरून चालायला हरकत नाही. म्हणजे मी रात्री दाराला कडी घालतो तेव्हा गल्लीतल्या कोणालाही चोर म्हणत नाही. चोर येऊ शकतो एवढेच मानतो. कडी कोणाकडे बोट दाखवत नाही. शेजारीण सकाळी विरजण मागायला आली तर बंद दाराचा तिला राग येत नाही.

मग उभ्या गाडीतला कॅमेरा कडीसारखा आहे की संशयासारखा? माझ्या मते तो दोन्ही होऊ शकतो, आणि कोणता होणार हे त्या तिसऱ्या वायरिंगच्या निवडीवर आणि आपल्या सवयींवर ठरते. धक्का बसल्यावर जागा होणारा कॅमेरा कडीच्या जवळचा आहे. काही झाले तरच तो पाहतो, आणि ज्याने गाडीला हात लावला त्यालाच पाहतो. सतत चित्रण करणाऱ्यासमोर मात्र येणारा-जाणारा प्रत्येक जण आधीच संशयिताच्या यादीत जातो आणि निर्दोष ठरेपर्यंत कार्डावर राहतो. कडीला स्मरण नसते. याला आहे.

कोणी म्हणेल, रस्ता सार्वजनिक आहे, तिथे जो येतो तो दिसणारच. हे खरे आहे. पण आपल्या वणीच्या रस्त्यावर रात्री कोण असते ते जरा आठवून पाहा. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे बहुतेक चार भिंती असतात. रस्त्यावर राहतो तो ज्याच्याकडे त्या नाहीत. द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा-पेठकडून आलेली मजूर कुटुंबे उघड्यावर चूल मांडतात. त्यांची अंघोळ, जेवण, मुलांना पाजणे, भांडणतंटा सगळे उघड्यावरच. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेले यात्रेकरू रात्री दुकानांच्या ओट्यांवर आणि झाडाखाली अंग टाकतात, त्यात बायाबापड्या असतात. नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीच्या पायथ्याला थांबवतात आणि भाविकांना एसटीने वर नेतात. खाली रात्रभर उभ्या राहणाऱ्या त्या गाड्यांच्या काचांसमोर किती माणसे झोपलेली असतात! त्यांना कोणी विचारलेले नाही. त्यांना कळतसुद्धा नाही. ज्यांच्याकडे झाकायला काही नाही त्यांच्यावरच आपल्या कॅमेऱ्याची नजर सर्वांत जास्त पडते, हे मला बोचते.

कायदा याविषयी काय म्हणतो, असे एका शिक्षकांनी विचारले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुढे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. मात्र एखादी व्यक्ती स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी जी माहिती हाताळते तिला तो कायदा लागू नाही. युरोपात याचा अधिक ऊहापोह झाला आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी एका अपघाताच्या दाव्यात दोन गोष्टी एकदम म्हटल्या. कारण नसताना सतत चित्रण करत राहणे नियमबाह्य आहे, आणि तरीही त्या दाव्यात ते चित्रण पुरावा म्हणून चालेल. नेदरलँड्समध्ये २०२३ साली टेस्ला कंपनीच्या उभ्या मोटारींतील कॅमेऱ्यांची चौकशी झाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चित्रण होते त्याला गाडीचा मालक जबाबदार आहे, कंपनी नव्हे, असे तिथल्या यंत्रणेने सांगितले. कंपनीने मग मांडणी बदलली. त्याच वर्षी रॉयटर्स वृत्तसंस्थेने बातमी दिली, की २०१९ ते २०२२ या काळात त्या कंपनीचे कर्मचारी ग्राहकांच्या गाड्यांतील खासगी चित्रफिती करमणूक म्हणून एकमेकांना पाठवत होते. आपल्याकडे मात्र घरगुती कॅमेऱ्याचा विषय कायद्याने बराचसा माणसाच्या विवेकावर सोडलेला आहे. त्यामुळेच तो या पानावर आणावासा वाटला.

खरा धोका चित्रण झाल्यानंतर सुरू होतो. १ जुलै २०१८ चा रविवार. आपल्या सटाण्यापलीकडे, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. भिक्षा मागून पोट भरणारी ही भटकी माणसे. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होती. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकले. हातांत दगड-काठ्या असलेली माणसे होती आणि मोबाइल उंच धरून चित्रण करणारीही.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. ती मुळात पाकिस्तानात, कराचीत, मुलांच्या सुरक्षेविषयी पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा संदेश दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेली फीत पुढे पाठवली. चित्र खरे होते, माणसे खरी होती, फक्त शेवटचे काही सेकंद नव्हते. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. राईनपाड्याच्या पाच जणांना तिचा उपयोग नव्हता.

आपल्या गाडीच्या कॅमेऱ्याचा याच्याशी काय संबंध, असे विचाराल. रात्री दोन वाजता एक अनोळखी माणूस गाडीपाशी वाकला, असे दहा सेकंदांचे चित्रण कार्डावर सापडले. तो चपलेचा अंगठा लावत होता, टायर पाहत होता की लघवीला बसला होता, हे त्यात कळत नाही. सकाळी ते गावाच्या ग्रुपवर पडते, खाली कोणीतरी लिहितो, "ओळखा पाहू." दुपारपर्यंत तो कोणत्या वस्तीतला, कोणत्या जातीचा, याची चर्चा सुरू होते. या देशात १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते आणि त्यांतल्या माणसांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने पुसला गेला. लोकांच्या मनातून तो पुरता गेला आहे असे पारधी वस्तीतल्या कोणी मला अजून सांगितलेले नाही. अशा गावात दहा सेकंदांचे अर्धवट चित्र कोणाच्या अंगावर जाऊन पडेल हे आधीच ठरलेले असते.

आठवी आज्ञा आपण खोटे बोलण्यापुरती धरतो. चर्चची शिकवण त्याहून पुढे जाते. पुरेसा आधार नसताना एखाद्याचा दोष मनात पक्का करणे हेही त्या आज्ञेविरुद्ध आहे, आणि एखाद्याचा खरा दोष योग्य कारणाशिवाय चारचौघांत उघड करणे हेही. खरे आहे म्हणून पाठवले, ही सबब तिथे चालत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला होता, तो प्रसंग आपणा द्राक्षवाल्या मुलखातल्या लोकांना ठाऊक आहे. हामने पाहिले आणि बाहेर येऊन भावांना सांगितले. त्याने सांगितलेले अक्षरशः खरे होते. शेम आणि याफेथ यांनी खांद्यावर वस्त्र घेतले, पाठमोरे चालत आत गेले आणि बापाला झाकले. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना हे पाठमोरे चालणे गमतीचे वाटते. मला आता वाटते, की ज्याच्या कार्डावर गल्लीची रात्र साठते त्याला नेमके हेच शिकायचे आहे. पाहता येत असूनही तोंड फिरवायचे.

हे व्यवहारात आणणे अवघड नाही. गाडी घरासमोर उभी असेल तर धक्का बसल्यावरच जागा होणारी मांडणी निवडावी. एखादा पुरावा हुकेल, हे मान्य करून. बॅटरीही टिकेल, तो वरचा लाभ. कॅमेऱ्याचा माइक बंद करावा. आरसा फुटल्याचे आवाजावरून कळत नसते, शेजाऱ्याचे भांडण मात्र कळते. गाडीचे तोंड कोणाच्या दाराकडे किंवा मोरीकडे येत असेल तर ती उलटी लावावी, आणि ते शक्य नसेल तर त्या घरी जाऊन कॅमेरा आहे म्हणून सांगावे. काही घडले नसेल तर कार्ड उघडून पाहत बसू नये. ३२ जीबीच्या कार्डावर चार-पाच तासांचेच चित्रण मावते आणि जुन्यावर नवे चढत जाते, ते तसे चढू द्यावे. काही घडले असेल तर कार्ड काढून जपून ठेवावे आणि पोलीस ठाण्यात द्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि ग्रुपवरून फिरून आलेली फीत तिथे फारशी कामाची नसते. मुले कार्ड काढून लॅपटॉपला लावतात, तिकडेही लक्ष असावे.

एका पिकअपवाल्या तरुणाने यावर मला विचारले, "फादर, आणि धक्का न लावता कोणी नळी टाकून डिझेल काढून नेले तर?" त्याचा प्रश्न रास्त आहे. त्या रात्री कॅमेरा झोपून राहील आणि तीस लिटरचे नुकसान होईल. टाकीला कुलूपाचे झाकण बसवावे, चार गाड्यांनी मिळून एका उजेडाच्या जागी गाड्या लावाव्यात, राखणीला माणूस ठेवून वर्गणी काढावी, हे मी सुचवले. त्याचे समाधान झाले असे मला वाटत नाही. ज्याचे तीस लिटर जातात त्याला विवेकाच्या गोष्टी सांगणे सोपे असते, हे मला कळते. तरीही माझे मत बदललेले नाही.

शेवटी आपल्या आवाराविषयी. रविवारी मिस्साच्या वेळी गाड्या चर्चच्या भिंतीलगत उभ्या राहतात. त्यांच्या काचा पापनिवेदनाच्या रांगेकडे तोंड करून असतात. आठवड्यात संध्याकाळी माझ्या दाराशीही माणसे येतात. नवऱ्याने मारलेली बाई येते, कर्जाने खचलेला शेतकरी येतो, घर सोडून निघालेला मुलगा येतो. आपल्याच धर्मग्रामातले नसलेलेही येतात. कोण आले होते हे मी कोणाला सांगत नाही, आणि उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीनेही ते टिपून ठेवू नये अशी माझी इच्छा आहे. म्हणून येत्या रविवारपासून आवारात गाडी लावणाऱ्यांनी पार्किंग मोड बंद करावा. ज्यांच्या कॅमेऱ्याला तसे बटण नाही त्यांनी काचेवर रुमाल टाकावा. गाड्यांवर लक्ष ठेवायला युवक संघातील दोन मुले प्रत्येक मिस्साला फाटकापाशी उभी राहणार आहेत. पहिल्या रविवारची नावे अजून आलेली नाहीत, ती शनिवार संध्याकाळपर्यंत कार्यालयात द्यावीत.